चौथ्या मजल्याचा गुणांक

भांडाराच्या फळीवर काळे पेले १६८ होते. खांग वेइ-निंगने ते आधी उभे मोजले, मग आडवे. एका चळतीत बारा, अशा चौदा चळती, तडा गेलेले पाच पेले धरून. दोन पेल्यांच्या तळाशी मागच्या वर्षीचा गाळ वाळून बसला होता आणि एकात मेलेली पाल होती. पाल तिने काढून टाकली आणि पेला मोजला.

तक्त्यात पेले १९२ होते. बारा रुग्णालयं, प्रत्येकी आठ मजले, दर मजल्यावर दोन पेले. हा गुणाकार तोंडी येण्यासारखा होता, तरी तिने तो कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. चोवीस पेले कमी भरत होते.

डेंग्यूचे डास मोजायची रीत अशी, की काळ्या पेल्यात अर्धं पाणी भरायचं, आत खरखरीत कागदाची पट्टी उभी करायची आणि आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. मादी येते, पट्टीवर अंडी घालून जाते. मग पट्टी भिंगाखाली धरून अंडी मोजायची. वेइ-निंग सात वर्षं हेच करत होती. तिची आई बाजारात बकऱ्याच्या मटणाचा रस्सा विकायची आणि दर रविवारी फोनवर विचारायची, "तुझ्या वर्गातल्या त्या लठ्ठ मुलीला दुसरा मुलगा झाला. तुझी अंडी कुठवर आली?"

आईच्या टोमण्यामागे हिशेब होता. डॉक्टरेटला विद्यापीठ सात वर्षं देतं. सातवं वर्ष जुलैअखेर संपणार होतं. तोवर तोंडी परीक्षा झाली तर ती डॉक्टर खांग होणार होती, आणि नाही झाली तर नाव कापलं जाऊन ती रस्सा ढवळायला घरी जाणार होती. रस्सा चांगला असायचा, पण तिला तो ढवळायचा नव्हता.

चुंग लाओशींच्या खोलीत दोन गोष्टी कधी बंद होत नसत: एसी आणि खुद्द चुंग लाओशी. लाओशी म्हणजे गुरुजी. प्राध्यापकाला तिथे सगळे तसंच म्हणतात, मनात काहीही असो.

"लाओशी, चोवीस पेले सापडत नाहीत."

"रुग्णालयातल्या बायकांनी नेले असतील. मनी प्लांट लावला असेल त्यात. पेल्यांचं सोड, तुझ्या तिसऱ्या प्रकरणातला आलेख अजून करडाच आहे. चौथा मजला हिरवा कर. बघितल्याबरोबर माणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे."

चौथा मजला ही चुंग लाओशींची आयुष्यभराची कमाई होती. वर्षभराच्या मोजणीत सगळीकडे अंडी सापडली होती, पहिल्या मजल्यावर सर्वांत जास्त, मग वर जावं तशी कमी कमी. फक्त चौथ्यावर एकही नाही. कुठल्याच रुग्णालयात नाही, कुठल्याच आठवड्यात नाही. नोंदी १,२४८ आणि शून्यंही १,२४८.

इतकी शून्यं साध्या हिशेबात बसत नाहीत, म्हणून वेइ-निंगने शून्यांच्या दोन जाती मानणारं मॉडेल बसवलं होतं. एक कच्चं शून्य: डास येऊ शकला असता, त्या आठवड्यात आला नाही इतकंच. दुसरं पक्कं शून्य: तिथे डास येणं शक्यच नव्हतं. चौथ्या मजल्याबद्दल मॉडेलने काडीचाही संकोच न करता सांगितलं, की इथली सगळी शून्यं पक्की आहेत. संभाव्यता ०.९९९.

मग कारणं शोधणं आलं. चुंग लाओशींनी आधी वाऱ्याचं कारण काढलं: तिसऱ्या मजल्यापर्यंत झाडांची सावली, पाचव्यापासून बंदरावरचा वारा, आणि दोहोंच्या मध्ये हवेची एक पोकळी, जिच्यात डास गोंधळतो. ते जुनं वाटायला लागल्यावर त्यांनी दमाचं कारण काढलं: तीन मजले चढल्यावर डासाला दम लागतो, तो थांबून विश्रांती घेतो आणि मग एका दमात पाचव्यावर जातो. "विश्रांती कुठे घेतो?" असं एका चर्चासत्रात कुणीतरी विचारलं. "ते पुढच्या संशोधनात पाहू," चुंग लाओशी म्हणाले, "चौथ्यावर घेत नाही, एवढं आपण सिद्ध केलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात "चौथ्या मजल्यावर डासाने हात टेकले" असा मथळा आला, आणि कात्रण चौकटीत बसवून लाओशींच्या दारावर लागलं.

परीक्षेच्या समितीत डॉक्टर फांगही होते. ते बारांपैकी सर्वांत मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख. हा शोध त्यांना इतका आवडला की तापाच्या रुग्णांचा विभाग लवकरच चौथ्या मजल्यावर हलवू, असं त्यांनी डास-नियंत्रण समितीला कळवूनही टाकलं. रुग्णालयात ते रोज सकाळी लिफ्टने आठव्यावर जात.

एप्रिलच्या शेवटी वेइ-निंग त्याच रुग्णालयात फोटो काढायला गेली. प्रकरणाच्या पहिल्या पानावर खऱ्याखुऱ्या चौथ्या मजल्याचा फोटो हवा, असा लाओशींचा हट्ट होता. "हात हलवत जाऊ नकोस," असं म्हणून त्यांनी केकचा डबाही दिला होता.

डबा उघडताच मुख्य परिचारिका लानच्ये किंचाळली. "अननसाचे! अगं ए, आज माझी तातडीच्या विभागात पाळी आहे. तू मला मारायला आलीस का?"

"माझ्या नाही, लाओशींच्या लक्षात राहिलं नाही," वेइ-निंग ओशाळली. अननसाच्या इथल्या नावात भरभराट येण्याचा उच्चार लपलेला आहे, आणि तातडीच्या विभागात भरभराट झालेली कुणालाच नको असते.

"तुमच्या लाओशींना सांग, भरभराट हवी तर स्वतः खा. उचल तो डबा. कुणी पाहायच्या आत."

डबा काखेत मारून वेइ-निंग लिफ्टमध्ये शिरली आणि तिने बोट पुढे केलं. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ.

बोट हवेतच राहिलं. तिने बटणं पुन्हा वाचली, या खेपेला खालून वर नाही, तर वरून खाली. आठ, सात, सहा, पाच, तीन. एक आजोबा ठिबकची बाटली लावलेल्या दांड्यासह आत आले. "कितवा?" त्यांनी विचारलं.

"चौथा," तिच्या तोंडून गेलं.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दांडा मागे ओढला आणि मागच्या मागे बाहेर पडले.

तिचा जन्म अशाच एका रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर झाला होता. चार म्हणताना जीभ जराशी घसरली की मरण होतं, हे तिला बोलायला लागायच्याही आधीपासून माहीत होतं. आजारी माणसाला कुणी त्या आकड्यावर झोपवत नाही, म्हणून रुग्णालयात तिसऱ्यानंतर पाचवा येतो, हे या बेटावर सगळ्यांनाच माहीत असतं. चुंग लाओशींना, डॉक्टर फांगना, टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहाला, मथळा देणाऱ्या वार्ताहराला. संगणकाने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवणारी, आणि पाकिटाची तारीख उलटायच्या आत नवं आणणारी ही माणसं. लिफ्टमध्ये त्यांना सगळं आठवायचं. तक्त्यासमोर बसली की मात्र ती शास्त्रज्ञ व्हायची आणि चार हा तीन आणि पाच यांच्यामधला आकडा व्हायचा.

चोवीस पेले कुणी चोरले नव्हते. ते कधी विकतच घेतले गेले नव्हते.

पार्किंगमध्ये स्कूटरवर बसूनच तिने याओला फोन लावला. याओ तिच्या आधीची विद्यार्थिनी, म्हणून तिची शुएच्ये, म्हणजे शिकण्यातली थोरली बहीण. तक्ता मुळात तिने बनवला होता. आता ती उत्तरेला चिपच्या कारखान्यात होती आणि जेवायच्या सुटीतच फोन घ्यायची.

"शुएच्ये, मजल्यांचे आकडे तू कसे घातलेस?"

"कसे म्हणजे? एक लिहिलं, दोन लिहिलं आणि कोपरा धरून आठापर्यंत खाली ओढलं. तू काय हाताने लिहितेस?"

"चौथा मजला नसतो गं."

पलीकडून नूडल्स ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. "अय्या. खरंच की."

"आणि रिकाम्या घरांत शून्य कोणी भरलं?"

"मीच. पण लाओशींना विचारून. मोजणारी पोरं अंडी नसली की घर रिकामं सोडायची, आळशी मेली. म्हणून एक ओळ लिहिली: रिकामं ते शून्य. बरोबरच होतं ते." पुन्हा नूडल्स ओढल्याचा आवाज आला. "अगं पण तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"आठवलं नाही."

याओ इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे तुझ्या मॉडेलने एकट्याने बरोबर ओळखलं! काय म्हणालं होतं ते? तिथे डास येणं शक्यच नाही? वा! सगळ्यांत हुशार तेच. त्यालाच दे डॉक्टरेट."

वेइ-निंगला हसू आलं नाही. तिने त्याच दुपारी चौथ्या मजल्याच्या ओळी काढून मॉडेल पुन्हा चालवलं. पोकळी नाहीशी झाली, दम नाहीसा झाला. उरलं ते इतकंच, की वर जावं तशी अंडी कमी होतात. हे माळ्यालाही माहीत असतं आणि त्यावर मथळे येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती लाओशींच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"लाओशी, चौथा मजला नाही."

"कसला चौथा?"

"आपला. बाराही रुग्णालयांत नाही. तिसऱ्यावरून लिफ्ट सरळ पाचव्यावर जाते."

चुंग लाओशींनी चहाचा कप खाली ठेवला. ते राहत त्या इमारतीतही चौथा मजला नव्हता. घर घेताना त्यांनी ते मुद्दाम विचारून घेतलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वर आलं आणि पुन्हा खाली गेलं.

"तिथे डास आहेत?"

"कुठे?"

"चौथ्यावर."

"लाओशी, तिथे मजलाच—"

"मी मजला विचारला नाही. डास आहेत की नाहीत?"

"नाहीत."

"मॉडेल काय म्हणतं?"

"नाहीत म्हणतं."

"मग भांडण कुणाचं कुणाशी आहे?"

वेइ-निंगने तयार करून आणलेली सगळी वाक्यं सोडून दिली. शेवटी तिने साधं वाक्य काढलं. "मी हे प्रकरण असं देणार नाही."

"नको देऊस." लाओशींचा आवाज एकदम मायाळू झाला, आणि ते मायाळू झाले की विद्यार्थी घाबरत. "तिसरं प्रकरण गेलं की दोन उरतात. दोन प्रकरणांवर समिती बसत नाही. जुलै संपला की तुझं ओळखपत्र दारावरच्या यंत्रात चालणार नाही. मी तुला अडवलं, असं बाहेर सांगू नकोस म्हणजे झालं."

"चूक झाली कशी, त्यावरच प्रकरण लिहिते ना. रिकाम्या घराचं शून्य होतं आणि शून्याचा शोध होतो. तेही संशोधनच आहे."

"आणि दारावरच्या कात्रणाचं मी काय करू? उलटं लावू?"

तेवढ्यात डॉक्टर फांग आले. त्यांना दार वाजवायची सवय नव्हती. त्यांना सगळं सांगितलं गेलं. अर्धं वेइ-निंगने सांगितलं, अर्धं लाओशींनी, आणि दोघांची अर्धी एकमेकांना जुळत नव्हती. फांग मांडी थोपटत हसले.

"नाही? खरंच नाही! रोज जातो मी त्या लिफ्टने, चुंग! काय आपण लोक!" मग हसू आवरून म्हणाले, "पण मी डास-नियंत्रण समितीला कळवून बसलोय. तापाचा विभाग चौथ्यावर. आता काय करायचं?"

"मागे घ्या ना, डॉक्टर," वेइ-निंग म्हणाली.

"बाळ, मी सरकारी पत्र मागे घेतलेलं तू कधी पाहिलंस? मजला नाही तर बनवू. पाचव्याची पाटी काढायची, चौथ्याची लावायची. चार स्क्रू."

"आणि पाचवा?"

"पाचवा गेला म्हणून कोण रडणार आहे?"

वेइ-निंगच्या डोक्यात तिथे काहीतरी चमकलं. खरा चौथा मजला मिळत होता. त्याच्यावर पेले ठेवता येत होते. अंडी निघणारच, कारण कालपर्यंत तो पाचवा होता आणि पाचव्यावर अंडी होती. डासाला पाटी वाचता येत नाही.

"मग मोजूया," ती म्हणाली. "फांग डॉक्टरांच्या रुग्णालयात, दर मजल्यावर दहा पेले. वाचन मी एकटी करणार, एकही घर रिकामं सोडणार नाही. अंडी निघाली तर मी माझं चुकीवरचं प्रकरण देणार आणि तुम्ही दोघं सही करणार."

"आणि नाही निघाली तर?" चुंग लाओशींनी विचारलं.

"तर जुनं प्रकरण. जसंच्या तसं."

"हिरवा मजला धरून?"

"हिरवा धरून."

तिने त्याच बैठकीत आराखडा लिहून काढला. माणसं आणि खाटा हलवल्यावर डासांना नव्या व्यवस्थेची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची अंडी धरायची नाहीत. त्यानंतरचे चार आठवडे धरायचे. हे कलम तिचं स्वतःचं. तिच्या मॉडेललाही सुरुवातीच्या फेऱ्या फेकून द्यायची शिस्त होती आणि ती शिस्तीची मुलगी होती. तिघांनी सह्या केल्या.

मेच्या मध्यावर पाटी बदलली. लिफ्टमधल्या पाचच्या बटणावर चारचं गोल लेबल चिकटवलं गेलं. त्याची एक कड दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नखाने उचकटलेली होती.

तापाचे पहिले रुग्ण वर न्यायला लानच्ये चाकाची खुर्ची घेऊन आली. ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींनी खुर्चीत बसून विचारलं, "कितव्यावर?"

"छान वारा आहे, आजी. समुद्र दिसतो."

"कितव्यावर म्हणतेय मी."

"चौथ्यावर."

आजी उठून उभ्या राहिल्या. तापात दोन दिवस त्यांना उठवत नव्हतं. "चौथ्यावर? मग लिफ्ट कशाला? सरळ गाडीत घाल ना मला, फुलं लावून! मला तिसऱ्यावर फरशीवर झोपव, पण चौथ्यावर नेलंस तर माझा मुलगा तुझं रुग्णालय विकत घेऊन पाडेल."

आजींचा मुलगा बसचालक होता, पण मुद्दा सगळ्यांना पोचला. संध्याकाळपर्यंत आधीपासून पाचव्यावर असलेल्या रुग्णांनीही सामान बांधलं. काल ज्या खाटेवर ते बरे होत होते त्याच खाटेवर आज त्यांना मरण दिसायला लागलं. कुणी घरी गेले, बाकीचे तिसऱ्याच्या बोळात पसरले. चौथ्यावर छत्तीस खाटा, छत्तीस उशा आणि दहा काळे पेले उरले.

रुग्ण नाहीत म्हटल्यावर परिचारिकांची गरज उरली नाही. वीज वाचवायला खिडक्या लावून घेतल्या. फुलदाण्या गेल्या, कुंड्यांखालच्या बश्या गेल्या. डेंग्यूच्या डासाला जगायला पाणी लागतं आणि माणसाचं रक्त. पाण्याचे दहा पेले वेइ-निंगने ठेवले होते. रक्ताची सोय तिच्या आराखड्यात नव्हती.

पहिल्या आठवड्यात चौथ्यावर त्रेसष्ट अंडी निघाली. ती इतकी खूष झाली की पट्टी खिडकीशी धरून तिने पुन्हा मोजली. दुसऱ्या आठवड्यात आठ. मग तिला कळलं की तिचं स्वतःचंच कलम ही एकाहत्तर अंडी पुसून टाकणार आहे.

"लाओशी, ते कलम काढूया."

"मोजणी सुरू झाल्यावर नियम बदलायचा?" चुंग लाओशी दुखावल्यासारखे दिसले. "वेइ-निंग, तुला मी असं शिकवलं?"

मग ती रुग्ण गोळा करायला लागली. तिसऱ्या मजल्याच्या बोळात खाटेखाटेपाशी जाऊन समजावू लागली. वर एसी आहे. वर शांतता आहे. वर न्हाणीघर मोकळं आहे.

"इतकं चांगलं आहे तर तूच झोप की वर," बोळातला एक कोळी म्हणाला. त्याच्या पायाशी दुसऱ्या रुग्णाचं डोकं होतं.

"झोपतेच," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यापासून ती रोज दिवसभर चौथ्यावर बसू लागली. हा डास दिवसाउजेडी चावतो. तिने चार खिडक्या उघडल्या, बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि खाटेवर प्रबंध तपासत बसली. पाहुण्याची वाट पाहावी तशी ती डासाची वाट पाहत होती. कधी दंडावर खाज आली की ती हळूच मान वळवायची, घाम असायचा.

दुपारी जिन्यातून हाक यायची. "निंग! डबा ठेवलाय पायरीवर!"

"वर ये ना, लानच्ये. दोन मिनिटं."

"माझी मुलगी दहावीत आहे. परीक्षा होईपर्यंत मी तिथे पाय ठेवणार नाही." पावलं दोन पायऱ्या उतरून थांबायची. "चावला का?"

"नाही."

"बघ, नीट बस. शाम्पू वासाचा वापरू नकोस, त्यांना आवडत नाही म्हणे."

खालच्या बोळात मात्र डासांची चंगळ होती. एकाला एक लागून झोपलेली माणसं, पाण्याच्या बाटल्या, भेटायला आलेल्यांनी आणलेली फुलं. तिसऱ्यावरच्या पट्ट्या मोजता मोजता तिचे डोळे दुखायचे. तापाचे तीन नवे रुग्ण झाले, तिघंही बोळातले. ते आधी मूत्रखड्यासाठी आले होते. डॉक्टर फांग रोजच्या फेरीत त्यांच्यापाशी थांबून म्हणाले, "म्हणून सांगत होतो, चौथ्यावर चला."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. तायपेहून आलेले परीक्षक सकाळच्या वेगवान गाडीने आले होते आणि दुपारच्या गाडीने जाणार होते. वेइ-निंग उभी राहिली आणि तिने आधी तेच सांगितलं जे सांगायचं तिने ठरवलं होतं.

"चौथ्या मजल्यावर अंडी नाहीत, कारण तिथे माणसं नव्हती. माणसं नव्हती, कारण पाटीवर चार होतं. ही पाटी आपण लावली. जुन्या तक्त्यात तर तो मजलाच नव्हता. डासांचा यात काही संबंध नाही."



"थांबा," तायपेचे परीक्षक पुढे सरकले. झोपाळू डोळे उघडले होते. "म्हणजे चौथ्या मजल्यावर डास तर नाहीतच, शिवाय रुग्णही नाहीत?"

"नाहीत."

"दोन्हींवर परिणाम!" ते चुंग लाओशींकडे वळले. "चुंग, हे तुम्ही सारांशात का घातलं नाहीत?"

"विद्यार्थिनी फार नम्र आहे," चुंग लाओशी म्हणाले.

"सर, रुग्ण पळाले," वेइ-निंग म्हणाली. "बरे झाले नाहीत. पळाले."

"कारणांवर पुढचा विद्यार्थी काम करेल," चुंग लाओशी मायाळूपणे म्हणाले. "आपलं ठरलं होतं ते अंड्यांचं. अंडी निघाली?"

तिने समोरच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर तिघांच्या सह्या होत्या, आणि पहिली तिचीच होती.

"नाही निघाली."

डॉक्टर फांगनी टाळी वाजवली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ कसली? पाचव्या मजल्यासमोर."

"तो मजला आता नाही, सर. पाचव्याचाच चौथा केला."

"तिथे अंडी आहेत?"

"तिथे मजला—" ती थांबली. हे संभाषण तिने एकदा केलं होतं. "नाहीत."

"मग शून्य लिहा. रेघ आळशीपणाची दिसते, मोजलंच नाही असं वाटतं. एवढी एक दुरुस्ती करा, बाकी उत्तम." ते उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "अभिनंदन, डॉक्टर खांग."

आईचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत तक्ता उघडून बसली होती. "झालीस का?" आईने विचारलं. मागे मोठ्या पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज येत होता.

"झाले."

"मग रडतेस कशाला? लोकांच्या मुली होत नाहीत तेव्हा रडतात. काय निघालं एवढं सात वर्षांत?"

"तक्ता पाठवते," वेइ-निंग म्हणाली आणि तिने रेघ खोडून दुरुस्ती केली. प्रबंध शुक्रवारी ग्रंथालयात जमा झाला. तिसऱ्या प्रकरणातला शेवटचा तक्ता असा आहे:

चार आठवडे, दर मजल्यावर दहा सापळे. एकूण अंडी: पहिला मजला ८८४, दुसरा ६५५, तिसरा ९१२, चौथा ०, पाचवा ०, सहावा ३४७, सातवा २६६, आठवा १४०.